‘आ’ करा आणि आकडा सांगा!

अमेरिकेत कुणाचा तरी जबडा दुखतो, तिथे एक्स-रे निघतो आणि त्या एक्स-रेच्या बिलावर कोणता आकडा टाकायचा, हे महापेच्या एखाद्या ऑफिसात बसलेली आपल्यातलीच मुलगी ठरवते. ‘मेडिकल कोडिंग’ हा शब्द कॉलेजच्या नोटीस बोर्डापासून इन्स्टाच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसतो. पण या कामात नेमकं करतात काय? एका लहानशा सांध्याच्या निमित्ताने बघू या.

कानापुढचा सांधा

दोन्ही हातांची एकेक तर्जनी कानाच्या अगदी पुढे, गालावर ठेवा. आता हळूच ‘आ’ करा. बोटांखाली काहीतरी फिरतंय आणि मग पुढे सरकतंय, असं जाणवलं? तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचं वाटोळं टोक कवटीच्या खोबणीत बसलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये एक छोटी चकती असते. तोंड थोडं उघडलं की टोक जागच्या जागी फिरतं, जास्त उघडलं की खोबणीतून पुढे घसरतं. ही चकती जागची हलली की जांभई देताना ‘कट्’ असा आवाज येऊ शकतो, वडापाव खाताना कळ येऊ शकते, कधी तोंड अर्ध्यावरच अडकतं.

म्हणूनच या सांध्याचा एक्स-रे एका फोटोत भागत नाही. तोंड मिटलेलं असताना एक आणि उघडलेलं असताना एक अशी चित्रं घेतात आणि टोक किती सरकलं ते बघतात. शिवाय सांधे दोन, डावा आणि उजवा. ते एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एक हलला की दुसऱ्यालाही हलावंच लागतं.

इथपर्यंतचं बारावी बायोलॉजीवाल्यांना सोपं आहे. बिलाची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

‘काय केलं’ आणि ‘का केलं’

महापे म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे एमआयडीसी, शिळफाट्याकडे जाणारे ट्रक आणि ठाणे-बेलापूर रोडचं ट्रॅफिक येतं. पण याच एमआयडीसीत मिलेनियम बिझनेस पार्क आहे, आणि घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनवर उतरून शेअर रिक्षाने कामावर जाणाऱ्या तरुणांची गर्दीही आहे. महापे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यातल्या काही ऑफिसांमध्ये अमेरिकन हॉस्पिटलं आणि क्लिनिकची बिलं हाताळली जातात. मेडिकल बिलिंग आणि कोडिंग ते हेच.

अमेरिकेत डॉक्टरने केलेल्या कामाचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी किंवा सरकारी योजना देते. आणि तिला पानभर वर्णन नको असतं, कोड हवा असतो. त्यातले दोन प्रकार महत्त्वाचे. पहिला ‘काय केलं’ याचा. त्याला सीपीटी म्हणतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ही यादी १९६६ मध्ये पहिल्यांदा काढली. तिच्यातले नेहमीचे कोड पाच अंकी असतात. दुसरा ‘का केलं’ याचा, म्हणजे आजाराचा. त्याला आयसीडी-१०-सीएम म्हणतात. अमेरिकेत तो १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला आणि जुन्या यादीतले सुमारे १४ हजार कोड एका फटक्यात जवळपास ७० हजारांवर गेले. जगभरातल्या कोडरांचं डोकं तेव्हा भंजाळलं होतं ते उगीच नाही.

हे दोन्ही कोड एकमेकांना पटायला हवेत. गुडघा दुखतो म्हणून जबड्याचा एक्स-रे काढला, असं बिल पाठवलं तर ते परत येणारच.

एक केस सोडवून बघू

समजा, तुमच्या स्क्रीनवर एक रिपोर्ट आला. पेशंटला उजव्या जबड्याच्या सांध्यात वेदना आहेत, डॉक्टरांनी निदान तसंच लिहिलंय. दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढायला सांगितलंय आणि तोंड उघडं व मिटलेलं असताना तो काढलाही आहे. आता कोड सांगा.

‘काय केलं’साठी दोन पर्याय दिसतात. ७०३२८ म्हणजे तोंड उघडं आणि मिटलेलं असताना एका बाजूच्या सांध्याचा एक्स-रे. ७०३३० म्हणजे तसाच, पण दोन्ही बाजूंचा. आपल्या केसमध्ये उत्तर ७०३३०.

इथे नवखा माणूस हमखास दोन ठिकाणी घसरतो. पहिली घसरण अशी : सांधे दोन आहेत, म्हणून तो ७०३२८ दोनदा लावतो. दोन्ही बाजूंसाठी एक कोड तयार असताना त्याचे तुकडे करून बिल लावायचं नसतं. या प्रकाराला ‘अनबंडलिंग’ म्हणतात आणि ते नियमात बसत नाही. दुसरी घसरण याहून गोड. सीपीटी कोडच्या मागे दोन अक्षरी शेपट्या लावता येतात, त्यांना मॉडिफायर म्हणतात. त्यातली ५० ही शेपटी ‘दोन्ही बाजूंना केलं’ असं सांगते. नवखा कोडर मोठ्या उत्साहाने ७०३३० ला ५० लावतो. पण ७०३३० च्या अर्थातच दोन्ही बाजू आल्या आहेत. म्हणजे बिल आता चार सांध्यांचं झालं!

आणखी एक शेपटी आहे, २६. एक्स-रे हॉस्पिटलच्या मशीनवर निघाला आणि तो वाचून रिपोर्ट देणारा डॉक्टर आपलं वेगळं बिल लावणार असेल, तर त्याच्या बिलावर २६ येतं. म्हणजे फक्त वाचनाचे पैसे. मशीन, फिल्म, टेक्निशियन हा भाग ‘टीसी’ या शेपटीने दाखवतात. मशीनही स्वतःचं आणि वाचनही स्वतःचंच असेल, तर शेपटी लागत नाही.

आता ‘का केलं’. जबड्याच्या सांध्याच्या वेदनेचा कोड एम२६.६२ ने सुरू होतो. त्यापुढे १ लावला तर उजवा, २ लावला तर डावा, ३ म्हणजे दोन्ही आणि ९ म्हणजे बाजू सांगितलेली नाही. आपल्या पेशंटचा उजवा दुखतोय, म्हणून एम२६.६२१. शेवटचा हा अंक ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. त्याआधी बाजू सांगायची सोयच नव्हती. एक्स-रे दोन्ही बाजूंचा आणि वेदना मात्र एकाच बाजूची, हे खटकतंय? खटकू द्या. डॉक्टरने तुलनेसाठी दोन्ही बाजू मागितल्या असतील. काय मागितलं, काय काढलं आणि का, हे तिन्ही कागदावर असलं की झालं.

आणि हो, ‘जबड्याचा एक्स-रे’ एवढंच वाचून थांबू नका. आपल्याकडे डेंटिस्ट ज्याला ‘ओपीजी’ म्हणतात, त्या संपूर्ण जबड्याच्या लांबलचक चित्राचा कोड वेगळा, ७०३५५. याच सांध्याच्या एमआरआयचा आणखी वेगळा, ७०३३६.

‘बहुतेक’ला कोड नसतो

या कामाचं सगळ्यात अवघड अंग पाठांतरात नाही. कोडची पुस्तकं आणि सॉफ्टवेअर समोर असतंच. अवघड आहे ते आपल्या डोक्यातली हुशारी आवरणं.

समजा, ओपीडीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘जबडा दुखतो, सांध्याचा विकार असण्याची शक्यता’. तुम्ही बीडीएस झालेले आहात, लक्षणं वाचून तुम्हाला खात्री वाटतेय की सांधाच बिघडलाय. तरी सांध्याच्या विकाराचा कोड लावायचा नाही. ओपीडीत ‘शक्यता’, ‘संशय’, ‘बहुतेक’ असे शब्द असतील तर तो आजार झालाय असं धरत नाहीत. तिथे लक्षणाचा कोड लागतो, जबडा दुखण्याचा आर६८.८४. कारण साधं आहे. ती नोंद त्या माणसाच्या विम्याच्या इतिहासात राहते. नसलेला आजार तुम्ही त्याच्या नावावर चिकटवला, तर तो पुसून काढायला त्याला किती फोन करावे लागतील, याचा विचार करा.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तरी गुटखा-सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं झालेले पेशंट इथला प्रत्येक डेंटल स्टुडंट पाहतो. त्यामुळे ‘तोंड पुरतं उघडत नाही’ हे शब्द वाचले की आपल्या मनात पहिल्यांदा तोच आजार येतो. त्याचा कोड के१३.५. पण तेच लक्षण सांध्याच्या बिघाडातही दिसतं आणि तिथला कोड पूर्ण वेगळा. समोरच्या कागदावर डॉक्टरने काय लिहिलंय, एवढाच प्रश्न तुमचा. शंका आली तर डॉक्टरला लेखी विचारायची पद्धत आहे, त्याला ‘क्वेरी’ म्हणतात. अंदाज बांधण्यापेक्षा क्वेरी टाकणं कधीही बरं. या धंद्यातला पहिला धडाच आहे : लिहिलेलं नाही, म्हणजे झालेलं नाही.

डॉक्टरकडे की डेंटिस्टकडे?

हाच सांधा कोडिंग शिकायला इतका चांगला का, तर तो नेमका हद्दीवर बसलाय. जबडा म्हटलं की दात, दात म्हटलं की डेंटिस्ट. पण सांधा म्हटलं की डॉक्टर. अमेरिकेत दातांचा विमा वेगळा आणि बाकी शरीराचा वेगळा. डेंटिस्टांची कोडची यादीसुद्धा वेगळी. तिला सीडीटी म्हणतात आणि तिच्यात जबड्याच्या सांध्याच्या एक्स-रेला डी०३२१ हा कोड आहे. तो लावताना सोबत रिपोर्ट जोडावा लागतो.

मग काय होतं? मेडिकल विमा म्हणतो, हे दातांचं काम. दातांचा विमा म्हणतो, हा तर सांधा, आमच्याकडे कशाला? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी पेशंटची गत. कित्येक विमा योजनांनी तर जबड्याच्या सांध्याचे उपचार सरळ वगळलेले असतात. उलट मिनेसोटासारख्या राज्यात कायदाच आहे की इतर सांध्यांचे उपचार जसे देता तसे याचेही द्यायचे.

अशा वेळी बिल कोणाकडे, कोणत्या फॉर्मवर आणि कोणत्या कोडने गेलं, यावर पेशंटच्या खिशातून किती जाणार हे ठरतं. बिल नाकारलं गेलं तर तो खर्च शेवटी त्याच्याच दारात येऊ शकतो. एका चुकीच्या अंकाची किंमत ही अशी असते. ती मोजणारा माणूस तुम्हाला कधी दिसत नाही, एवढंच.

दिवसपाळी, रातपाळी

‘मेडिकल बिलिंगमध्ये आहे’ असं कुणी सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारा : नेमकं कशात? कारण एकाच छताखाली बरीच वेगवेगळी कामं चालतात. कुणी पेशंटचं नाव, जन्मतारीख, विम्याचा नंबर भरतं. कुणी कोड लावतं. कुणी आलेले पैसे खात्यात नोंदवतं. आणि बिल अडकलं की थेट विमा कंपनीला फोन करणारे असतात ते एआर कॉलर.

कोडरला कुणाशी बोलायचं नसतं, त्यामुळे ते काम बरेचदा दिवसा चालतं. कॉलरचं तसं नाही. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथलं ऑफिस उघडतं तेव्हा महापेत संध्याकाळचे सहा-सात वाजून गेलेले असतात. म्हणजे रातपाळी आली. पगार सांगतानाच पाळी कोणती ते विचारून घ्या.

मुलींनी एक गोष्ट माहीत करून घ्यायलाच हवी. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय काम देता येत नाही. तिने संमती दिली तरी तिची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था ही कंपनीची जबाबदारी असते. ‘कॅब आहे, पण फक्त स्टेशनपर्यंत’ असं कुणी म्हणालं तर हे वाक्य आठवा.

फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही याचंही नवल वाटायला नको. पेशंटची माहिती गुप्त ठेवण्यासाठी अमेरिकेत १९९६ चा ‘हिपा’ नावाचा कायदा आहे. म्हणून अनेक ऑफिसांत फोन लॉकरमध्ये जातो आणि टेबलावर कागद-पेनसुद्धा चालत नाही. घरी येऊन ‘आज काय भारी केस आली माहितेय?’ असं सांगणंही बंद.

वरचा कोड लाव ना!

आता नाजूक विषय. एका बाजूचा एक्स-रे काढला आणि बिल दोन्ही बाजूंचं लावलं, तर पैसे जास्त मिळतात. केलेल्या कामापेक्षा महाग कोड लावणं याला ‘अपकोडिंग’ म्हणतात. सरकारी योजनेचं बिल जाणूनबुजून असं फुगवलं, तर अमेरिकेत ‘फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट’ लागतो. हा कायदा १८६३ चा, तिथल्या यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांना धरण्यासाठी केलेला. त्यात सरकार नुकसानीच्या तिप्पट रक्कम वसूल करू शकतं.

टार्गेटचं प्रेशर सगळीकडे असतं. तासाला इतके चार्ट झालेच पाहिजेत आणि त्यातले साधारण ९५ टक्के बिनचूक असलेच पाहिजेत, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी असते. तुमचं काम ऑडिटर तपासतो. अशा वेळी ‘सगळे असंच करतात’ हे कुणी कानात सांगितलं, तर एवढं लक्षात ठेवा : त्या कोडखाली लॉगिन तुमचं असतं. कमी कोड लावणंही तितकंच चूक, कारण मग डॉक्टरने केलेल्या कामाचे पैसे बुडतात. जेवढं केलं तेवढं, ना कमी ना जास्त. ऐकायला सोपं आहे. दिवसातल्या शंभराव्या रिपोर्टवर ते पाळणं अवघड.

परीक्षा आणि क्लासवाले

लाइफ सायन्सचे बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीडीएस, बीएचएमएस, बीएएमएस, अशा सगळ्यांकडे या कामाला लागणारी अर्धी शिदोरी असते : शरीररचना आणि वैद्यकीय भाषा. उरलेली अर्धी म्हणजे नियम. त्यांची सगळ्यात माहितीतली परीक्षा ‘सीपीसी’, अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेची. १०० प्रश्न, ४ तास आणि पास व्हायला ७० टक्के. गंमत म्हणजे कोडची पुस्तकं परीक्षेत जवळ ठेवता येतात. पण ती उघडून शोधत बसलात तर वेळ संपतो. पुस्तकात कुठे काय आहे हे हाताला माहीत असावं लागतं. अनुभव नसताना पास झालात तर नावापुढे ‘सीपीसी-ए’ लागतं. ‘ए’ म्हणजे अ‍ॅप्रेंटिस, शिकाऊ. अनुभवाचे पुरावे दिले की तो ‘ए’ निघतो.

क्लास लावणार असाल तर ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ या शब्दांवर जाऊ नका. शिकवताना खरे (नावं काढून टाकलेले) रिपोर्ट सोडवून घेतात का? पुस्तकं या वर्षीची आहेत का? कारण सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं आणि आयसीडी दर १ ऑक्टोबरला. जबड्याच्या सांध्याच्या संधिवाताला स्वतंत्र कोड मिळाला तोच मुळी ऑक्टोबर २०२० मध्ये. त्याआधीच्या नोट्स झेरॉक्स करून देणारा क्लास तुम्हाला तो शिकवणार कसा? परीक्षेची फी कोर्सच्या फीमध्ये धरली आहे का आणि नापास झालात तर पुढे काय, हे लेखी घ्या.

‘एआय आलं, आता हे काम राहणार का?’ हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. सरळसोट रिपोर्टवर सॉफ्टवेअर आजही कोड सुचवतं आणि त्याचा हिस्सा वाढत जाईल. मग माणसाच्या वाट्याला येतात ते अडलेले रिपोर्ट : बाजू न लिहिलेले, ‘बहुतेक’ने भरलेले, डॉक्टर आणि डेंटिस्टच्या हद्दीवरचे. म्हणजे नुसतं टायपिंग येणाऱ्याची पंचाईत आहे. नीट वाचता येणाऱ्याला अजून जागा आहे.

‘एवढं शिकून आकडे भरतोस?’ हा टोमणा लग्नसमारंभात ऐकायची तयारी ठेवा. उत्तर द्यायचंच असेल तर काकांना त्यांच्या मेडिक्लेमचा फॉर्म काढायला सांगा. आपल्याकडच्या क्लेम फॉर्ममध्ये हॉस्पिटलने भरायच्या भागातही आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. बहुतेक घरांत ते कुणी कधी वाचलेले नसतात. तुम्ही वाचा. काय केलं, का केलं आणि कोणत्या बाजूला केलं, या तीन प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर सापडतात का बघा. सापडली नाहीत तर हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर जाऊन विचारा. नोकरी लागायची तेव्हा लागेल, घरातला एक क्लेम तरी अडकायचा वाचेल.